आपल्या वस्तीतली शाखा: वाचनालयाच्या आठवणी लिहूया

आमच्या वाडीतली वाचनालयाची शाखा बंद झाली त्याला आता बारा वर्षं झाली. परवा भाचीने विचारलं, "मावशी, ती सुरू कधी झाली होती गं?" आणि मला सांगता येईना. शाळेत जायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत आठवड्यातून तीनदा मी तिथे जात होते. कोणत्या कपाटाची काच तडकलेली होती, पंखा कोणत्या खुर्चीवर फिरायचा, सगळं डोळ्यांसमोर आहे. पण जागा कोणाची होती, भाडं कोण भरायचं, पहिली पुस्तकं कुठून आली, यातलं काहीच मला माहीत नाही.

मोठ्या ग्रंथालयांचा इतिहास आपल्याकडे लिहिलेला आहे. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. 'नेटिव जनरल लायब्ररी' हे त्या काळातलं ठरलेलं नाव. पुढे ठाण्यात १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं. मराठी ग्रंथ एका छपराखाली जमवायचे, हा त्यामागचा ध्यास. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. या संस्थेने पुढे मुंबईच्या वेगवेगळ्या भागांत शाखा उघडल्या आणि माझ्या मते संग्रह जमवण्याइतकंच हे काम मोठं आहे. दादर पूर्वेला, नायगावात, मुख्य इमारत आहे. अभ्यासक तिथे जातात. पण दुपारचं आवरून, ओटा पुसून, चहाच्या वेळेपर्यंत पुस्तक बदलून परत येणारी बाई नायगावला जाणार नव्हती. ती शाखेतच जायची.

शतकमहोत्सवी स्मरणिकांमध्ये शाखेच्या वाट्याला एक ओळ येते. सभासद इतके, पुस्तकं इतकी. म्हणून हा धागा. संस्था कोणतीही असो, शहराच्या वाचनालयाची उपशाखा असो की मंडळाने चालवलेली एक खोली असो, लिहा. घरापासून किती लांब होती, वेळ काय, कोण चालवायचं, कोण यायचं, बंद पडली असेल तर पुस्तकांचं काय झालं. आठवण अर्धवट असली तरी लिहा, दुसरं कोणीतरी ती पुरी करील. तक्रार असेल तर संस्थेचं नाव न घेता लिहा.

सुरुवात मीच करते.

आमची शाखा चाळीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं, आतल्या खोलीत पुस्तकं, आणि मध्ये जाळीची खिडकी. कपाटापर्यंत सभासदाला जाता येत नसे. छापील यादीतून नंबर शोधायचे, चिठ्ठीवर उतरवायचे, चिठ्ठी खिडकीतून द्यायची. मग आतले काका एकेक नंबर बघत जायचे. आई दहा नंबर लिहून द्यायची, पहिला सगळ्यात हवासा. बहुतेक वेळा सहावा-सातवा मिळायचा.

आता मला सांगायची ती गोष्ट. आई प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाच्या ५१ नंबरच्या पानावर, आकड्याखाली पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. एकदा वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आणलं जाऊ नये म्हणून. वाडीतल्या प्रत्येक बाईचं पान ठरलेलं होतं. कोणाचं १७, कोणाचं ३३, कोणाचं १००. शाखा आवरत होती तेव्हा मी एक जुनी कादंबरी हातात घेतली आणि सहज पानं चाळली. अकरा खुणा मोजल्या. त्या दिवशी सभासदांची वहीही उघडी पडली होती, तीही पाहिली. आमच्या घराचं सभासदत्व वडिलांच्या नावावर. शेजारच्यांचं काकांच्या नावावर. पानंच्या पानं पुरुषांची नावं. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलेलं मला आठवत नाही. वाचणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांची नोंद फक्त त्या टिंबांत आहे.

लालबाग, आता बदलापूर

ताई, तुम्ही बाहेरच्या खोलीचा उल्लेख करून पुढे गेलात. माझं सगळं त्या बाहेरच्या खोलीतच आहे.

माझे वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होते. चौथी पास. वर्गणी भरून सभासद व्हावं इतके पैसे हातात राहत नसत, त्यामुळे कुठल्याच वहीत त्यांचं नाव सापडणार नाही. पण मोफत वाचनालयात ते रोज असायचे. पहिली पाळी सुटली की अंघोळ, चहा आणि तिकडे. वर्तमानपत्रं उतरत्या लाकडी फळीवर लावलेली असत, वरून पट्टी दाबून. सकाळी पेपर आला की शिपाई त्याची पानं सुटी करायचा आणि वेगवेगळ्या फळ्यांवर लावायचा, म्हणजे एकाच पेपरावर चार-सहा माणसं एकदम वाचू शकत. अग्रलेखाचं पान असेल तिथे सगळ्यात गर्दी. ज्यांना सलग वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणीतरी हळू आवाजात वाचून दाखवायचं. 'शांतता राखा' अशी पाटी होती, पण त्या वाचनाला कधी कोणी हटकलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी. पहिले काही महिने त्या खोलीत उभं राहायला जागा नसे. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत काय म्हणाले, सरकार काय म्हणालं, हे सगळ्या पेपरांतून ताडून बघायचं. 'नवाकाळ' आधी संपायचा, म्हणजे अक्षरशः फाटायचा. पुढे पुढे माणसं अग्रलेखाचं पान सोडून जाहिरातींच्या पानापाशी उभी राहायला लागली. वॉचमन पाहिजे, हेल्पर पाहिजे. मग तीही कमी झाली. गावाला गेली, नाहीतर भाजीच्या गाडीवर उभी राहिली. वडील मात्र जातच राहिले. मला वाटतं, घरात बसून आईच्या समोर दिवस काढणं त्यांना जमत नव्हतं आणि ती खोली त्यांच्याकडे काही मागत नव्हती.

माझी दहावी त्याच खोलीत झाली. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ जण. रात्री वर्तमानपत्रं उचलली की त्याच बाकांवर पोरांना अभ्यासाला बसू देत, अकरापर्यंत. दिव्याचं बिल संस्था भरायची. हे कुठल्या अहवालात लिहिलंय का ते शोधायला हवं.

विलेपार्ले

आमच्याकडेही खूण होती! माझ्या आजीची २१ पानावर, आणि टिंब नाही, छोटंसं स्वस्तिक. काका पुस्तक देण्याआधी स्वतःच २१ पान उघडून बघायचे आणि म्हणायचे, "आजींचं झालंय हे, दुसरं देतो."

एका उपनगरातून, निवृत्त सहाय्यक

मी टेबलाच्या पलीकडून लिहितो आहे. २७ वर्षं शाखेत सहाय्यक होतो. खुणांबद्दल सगळे लिहीत आहेत तर आमचीही एक खूण सांगतो. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक पडतो. तो नोंदवहीत चढतो, आणि शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर मारतात. या मधल्या पानाला आम्ही गुप्त पान म्हणायचो. कोणी पुढची-मागची पानं फाडून पुस्तक रद्दीत घातलं तरी गुप्त पान उघडलं की पुस्तक आपलं आहे हे कळतं. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी अशी नऊ पुस्तकं परत आणली आहेत. आमच्या शाखेचं पान कितवं ते आजही सांगणार नाही.

शाखेला सगळ्यात जास्त त्रास कशाचा असतो, तर नवं पुस्तक उशिरा येण्याचा. खरेदी मध्यवर्ती कार्यालयात. तिथून गठ्ठे निघायचे, आधी मोठ्या शाखांना, मग आम्हाला. गाजलेली कादंबरी आमच्याकडे यायची तोवर तिच्याबद्दलचं बोलणंही जुनं झालेलं असायचं. त्यासाठी मी मागणीची वही ठेवली होती. कोणी काय मागितलं, किती वेळा. दर महिन्याला ती घेऊन लोकलने मुख्य कार्यालयात जायचो आणि वाद घालायचो. वादाचा उपयोग व्हायचा. एकच प्रत असेल तर ती फिरती ठेवायची, एक महिना आमच्याकडे, एक महिना पुढच्या स्टेशनला.

पैशाचं थोडं सांगायला हवं, नाहीतर शाखा का आजारी पडतात हे कळणार नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याच्या आधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तामिळनाडूच्या आणि कर्नाटकच्या कायद्यांत ग्रंथालयासाठी वेगळा उपकर आहे, तो स्थानिक करांबरोबर गोळा होतो. आपल्या कायद्यात असा कर नाही. ग्रंथालयं चालवतात त्या संस्था, आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान देतं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि उशिरा येतं. वर्गणी वाढवली तर सभासद गळतात, नाही वाढवली तर पंखा दुरुस्त होत नाही. यात सगळ्यात शेवटी राहतो तो कर्मचारी. मी लागलो तेव्हा त्याला पगार म्हणत नव्हते, मानधन म्हणत. घर माझ्या पत्नीच्या नोकरीवर चाललं. हे तक्रार म्हणून नाही लिहीत. शाखेचा इतिहास लिहायचा असेल तर तिला कोणकोणत्या घरांनी पोसलं तेही त्यात यायला हवं.

मे महिन्यात पडताळणी आणि बांधणी. देवघेव आठवडाभर बंद, सभासद हैराण. बाइंडर यायचा तो पंधरा दिवस आमच्याकडेच बसायचा. खळ शिजवताना त्यात मोरचूद घालायचा, कसर लागू नये म्हणून. कापडी पाठ, कोपऱ्यांना कापड. एका ऐतिहासिक कादंबरीची मधली आठ पानं गेली होती. नवी प्रत बाजारात नव्हती. आमच्या एक सभासद, शिक्षिका होत्या, त्या मुख्य ग्रंथालयात जाऊन तिथल्या प्रतीवरून ती आठ पानं हाताने उतरवून आल्या. सुवाच्य, समास सोडून, दोन्ही बाजूंनी. बाइंडरने ती पानं जागेवर बसवून शिवली. पुढे वाचक ते पुस्तक मुद्दाम ती पानं बघायला नेत.

आणि दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांना कल्पना नसेल की पुढे वाचनालयांचं वर्षाचं गणित या अंकांवर बसणार आहे. आमच्याकडे अंकांची वेगळी वर्गणी असायची. खाकी कव्हर घालून, पाठीवर नाव लिहून अंक टेबलावर ओळीने लावायचे. नोव्हेंबरात शाखा उघडायच्या आधी पायऱ्यांवर माणसं असत. वर्षभर न दिसणारे सभासद दिसायचे. त्या तीन महिन्यांच्या पैशांतून उन्हाळ्यातली बांधणी व्हायची.

जाळी काढून मुक्तद्वार केलं, म्हणजे सभासदांना थेट कपाटापर्यंत जाऊ दिलं, तेव्हा माझा विरोध होता, हे कबूल करतो. पहिल्या वर्षी पुस्तकं गेली, कपाटं विस्कटली. पण एक मुलगा, सहावीतला, तो यादीतून कधीच नंबर काढू शकत नसे, कारण काय हवंय तेच त्याला माहीत नव्हतं. जाळी निघाली आणि तो कपाटासमोर जमिनीवर बसायला लागला. दोन वर्षांत त्याने विज्ञानाचं कपाट संपवलं. त्यानंतर मी जाळीची बाजू घेतली नाही.

पुणे, शनिवार पेठ

मी अकरा वर्षांचा होतो. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांत पाणी. आमच्या गल्लीतलं छोटं वाचनालय तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर दार उघडेना, आतून पुस्तकं फुगून दाराला टेकली होती.

पुस्तकं वाळवायची कशी हे कोणालाच माहीत नव्हतं. गच्चीवर उन्हं नव्हती, जुलैच तो. घराघरांत दोऱ्या बांधून पुस्तकं मधून उघडून टांगली. पानापानांत रद्दीचे कागद घातले आणि ते दिवसातून दोनदा बदलले. गुळगुळीत कागदाची पुस्तकं, चित्रांची, ती मात्र पाटासारखी एकजीव झाली, त्यांचं पान सुटलंच नाही. लाल कापडाच्या बांधणीचा रंग आत उतरला, आमच्याकडे पुरातून वाचलेल्या कित्येक पुस्तकांच्या कडा पुढेही गुलाबीच होत्या.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. दाखल नोंदवही शाईने लिहिलेली होती, ती धुऊन कोरी झाली. म्हणजे वाचनालयात काय काय होतं याचाच पुरावा गेला. मग आमच्या गल्लीतल्या मोठ्या माणसांनी एक केलं. रोज संध्याकाळी सात-आठ जण एका ओसरीवर बसायचे आणि आठवून आठवून यादी करायचे. "उत्तरेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, डावीकडून." कोणी म्हणायचं, "त्याच्या शेजारी निळ्या पुठ्ठ्याचं काय होतं?" आणि स्वयंपाकघरातून माझी आजी ओरडून सांगायची. ती कधी वाचनालयात गेली नव्हती. वाडीतली सगळी पुस्तकं तिच्याकडे यायची मात्र. पहिल्या वीस-पंचवीस नावांनंतर पुरुषांनी वही उचलली आणि आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेली.

बडोदा

महाराष्ट्राबाहेरची आठवण चालेल ना? बडोद्याचं नाव या धाग्यात यायलाच हवं.

सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानभर ग्रंथालयांची साखळी उभी केली. तिची रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते. गावाने ग्रंथालयासाठी जेवढे पैसे जमवायचे तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे आणि तेवढेच सरकारने. म्हणजे गावाचा तिसरा हिस्सा आधी. फुकट मिळालेलं ग्रंथालय आणि आपण वर्गणी काढून मागितलेलं ग्रंथालय यात माणूस फरक करतो. जिथे ग्रंथालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या.

माझे पणजोबा संस्थानात शाळामास्तर होते, गाव पूर्ण गुजराती. घरात मराठी बोलणारी दोनच कुटुंबं. पेटीत पुस्तकं अर्थातच गुजराती, पण मास्तरांनी विनंती केली की पाच-सहा मराठी घालून मिळत, असं आजोबा सांगायचे. पेटी शाळेत उघडायची. आजोबा गुजराती वाचायला शिकले ते त्या पेटीतल्या पुस्तकांवर, आणि मराठी विसरले नाहीत तेही तिच्यामुळेच. ती लाकडी होती, आत फळ्या होत्या, पुढचं दार उघडलं की उभं कपाटच व्हायचं.

बेळगाव

आमच्या शहराचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. मी त्याबद्दल नाही, माझ्या गल्लीतल्या मंडळाच्या खोलीबद्दल लिहिते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर जन्मलेल्या आमच्यापैकी अनेकांची शाळा मराठी राहिली नाही. माझी इंग्रजी होती. मराठी मला बोलता यायचं, वाचता अडखळत. त्या खोलीत शनिवारी दुपारी एक ताई मुलांची मासिकं वाचून घ्यायच्या, प्रत्येकाने एक परिच्छेद. जोडाक्षर अडलं की त्या सांगत नसत, थांबून राहायच्या. मी आज हे लिहिते आहे ते त्या थांबण्यामुळे.

दुबई, मूळ नाशिक

आमच्याकडे शाखा म्हणजे एक पेटी आहे. २००९ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची पेटी एखाद्या वस्तीत, कोणाच्या तरी घरी ठेवायची, आसपासच्या मराठी वाचकांनी तिथून न्यायची, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. हळूहळू त्या पेट्या परदेशात पोचल्या, दुबईत आल्या, आणि एक आमच्या जेवणाच्या टेबलाखाली आली.

वर वर्गणी, कर, अनुदान यांबद्दल वाचलं. आमच्याकडे यातलं काहीच नाही. एक वही आहे. नेणाऱ्याने लिहायचं, आणणाऱ्याने खोडायचं. शुक्रवारी संध्याकाळी दार वाजतं. बहुतेक जण पुस्तक घेऊन लगेच निघत नाहीत, चहा होतो. एक गृहस्थ बांधकामावर सुपरवायझर आहेत, मूळचे जालन्याचे, बसने तास-सव्वातास लांबून येतात. पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहिले, चपला काढू की नको अशा विचारात. आता ते आले की आधी पेटी आवरतात, पुस्तकांच्या पाठी एका बाजूला करतात आणि मग बसतात. ताईंचा मूळ धागा वाचून मी मागच्या आठवड्यात वहीत एक बदल केला. कुटुंबाच्या नावाऐवजी वाचणाऱ्याचं नाव लिहायला सांगितलं. १४ कुटुंबं होती, वाचक ३१ निघाले.

मुंबई उपनगर

तक्रारच आहे, नाव न घेता लिहिते. आमची शाखा जुन्या इमारतीत, जुन्या भाड्यावर. इमारत पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत जागा मिळणार होती, लहान का होईना. पण बांधकामाची चार वर्षं कुठे जायचं, याचं उत्तर कोणी शोधलं नाही आणि शाखा 'तात्पुरती' दुसऱ्या शाखेत विलीन केली. दोन स्टेशनं पलीकडे. नवी इमारत उभी राहून आता सहा वर्षं झाली. तळमजल्यावर गाळे आहेत.

विचारलं की सांगतात, सभासद कमी झाले होते. खरं आहे, झाले होते. शेवटच्या वर्षी दीडशेही नव्हते. पण ते दीडशे कोण होते? निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे. माझ्या सासूबाई तेव्हा ७४ वर्षांच्या. गुडघे दुखायचे, तरी शाखेत स्वतः जायच्या, वाटेत दोनदा थांबून. मी आणून देते म्हटलं तर नको म्हणायच्या, कारण पुस्तक निवडणं हाच त्यांचा दिवसातला स्वतःचा असा भाग होता. पाच मिनिटांची वाट होती, ती रेल्वेचा पूल, गर्दी आणि रिक्षा झाली. एकदा गेल्या. परत आल्या त्या घामाने भिजून, आणि म्हणाल्या, "कार्ड परत करून टाक." अनामत परत मिळाली. त्यानंतर मी फोनवर पुस्तकं वाचायला शिकवलं, ऐकायची पुस्तकं लावून दिली. थोडं ऐकायच्या आणि डोळे मिटायच्या. त्यांचं वाचन ८१ व्या वर्षी, त्या गेल्या तेव्हा नाही थांबलं. ते सात वर्षं आधी थांबलं होतं.

चांगली पुस्तकं दुसऱ्या शाखेत गेली. बाद ठरलेली वजनावर गेली. तालिकेचे, म्हणजे पुस्तकांच्या यादीच्या कार्डांचे, लाकडी खण फुटपाथवर ठेवलेले होते, त्यातला एक मी उचलून आणला. 'क' ते 'ग'. त्यातली कार्डं अजून आहेत, टंकलेखन केलेली, कडा मळून काळ्या झालेल्या.

गिरगाव

प्रतिसाद उशिरा देतो आहे, मुलीने हा धागा वाचून दाखवला. धागा काढणाऱ्या ताईंची वाडी मी ओळखली. तडकलेल्या काचेवरून. ती काच १९६८ मध्ये क्रिकेटच्या चेंडूने तडकली, चेंडू आमचाच.

तुझे तीन प्रश्न आहेत. जागा वाडीच्या मालकांची, पूर्वी तिथे त्यांची बग्गी उभी राहायची. भाडं सुरुवातीची वर्षं वाडीच्या गणेशोत्सवाच्या शिलकीतून दिलं जायचं, कारण तेव्हा ती कोणाची शाखा नव्हती, उत्सव मंडळाचं वाचनालय होतं. मी सातवीत होतो, म्हणजे १९५३. आम्ही सात-आठ मुलं गव्हाची रिकामी पोती घेऊन घरोघर गेलो. "वाचून झालेलं एक पुस्तक द्या." बहुतेक घरांत पुरुष कामावर, पुस्तकं बायकांनी दिली. एका आजींनी एकच पुस्तक होतं घरात, तेच दिलं आणि म्हणाल्या, मी तिथे येऊन वाचीन. १४० पुस्तकं जमली. तीन-चार वर्षांनी मंडळाला झेपेना, तेव्हा मोठ्या संस्थेशी बोलणं झालं आणि शाखेची पाटी लागली. नोंदवहीत शाखा त्या दिवसापासून सुरू होते, त्या १४० पुस्तकांना नवे दाखल क्रमांक पडले.

कोणी कोणतं पुस्तक दिलं याची एक वही आम्ही केली होती, माझ्याच अक्षरात. खोली नंबर, पुस्तकाचं नाव, देणाऱ्याचं नाव. ती माझ्याकडे आहे. तुमच्या खोलीसमोर तुझ्या आजीचं नाव आहे, दोन पुस्तकं.

वही पोस्टाने पाठवणार नाही, पानं सुटायला आली आहेत. तू ये. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.